कोर्ट नाक्याची इंग्रजी

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दिवसभर थांबलं की कानावर पडते ती एकच भाषा नसते. पक्षकार मराठीत नाहीतर हिंदीत बोलतो, उलटतपास मराठीत चालतो, हरकत घेताना वकील मध्येच इंग्रजीत शिरतो, आणि स्टेनोला काय सांगायचं ते न्यायाधीश साहेबांच्या सवयीवर. 1998 सालच्या अधिसूचनेनं जिल्हा पातळीपर्यंतच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. वर मात्र संविधानाचा अनुच्छेद 348 आहे: उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. म्हणजे दावा मराठीत चालवा, त्यात दाखवायचा निवाडा इंग्रजीत वाचा, आणि प्रकरण अपिलात वर गेलं की सगळाच कागद इंग्रजीत करा.

मी शहापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, कायद्याची पदवी ठाण्यात घेतली. कामापुरती इंग्रजी येत होती. नोटीस काढायला, तहकुबीचा अर्ज द्यायला, चेक बाउन्सची तक्रार टाकायला ती पुरायची, कारण हे कागद साच्यातले. नावं, तारखा, रकमा तेवढ्या बदलायच्या. अडायचं ते निवाडे वाचताना. वाक्य सुरू होतं, मध्ये तीन उपवाक्यं येतात, आणि शेवटाला पोचेपर्यंत कोण कोणाबद्दल काय म्हणालं तेच निसटतं. पुढं ज्यांच्या हाताखाली मी वकिली करते त्या सरांनी उच्च न्यायालयातल्या अपिलांचे कच्चे मसुदे माझ्याकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा शब्दसंग्रह वाढवायचं मनावर घेतलं. तो कसा वाढवतात याची माझी कल्पना चारचौघांसारखीच होती. यादी आणायची, पाठ करायची.

नौपाड्यात परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एक क्लास चालायचा, तिथं नाव घातलं. मुलं विशीतली, मी काळा कोट पिशवीत कोंबून मागच्या बाकावर. यादी 'ए' अक्षरापासून, प्रत्येक शब्दापुढं एक-दोन समानार्थी शब्द, बस. या याद्यांची ठेवण अशी सुटी-सुटी का, ते नंतर कळलं. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेत 2011 पर्यंत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असायचे, वाक्याबिक्याचा संबंध नाही. त्या वर्षी ते काढून टाकले. आता रिकाम्या जागा भरायच्या असतात आणि वाक्याचा रोख ओळखल्याशिवाय त्या भरता येत नाहीत. परीक्षा बदलली, झेरॉक्सच्या दुकानातली यादी मात्र तीच राहिली.

यादीच्या पहिल्याच पानावर 'अबेट' होता. अर्थ: कमी होणे, ओसरणे. खरंच आहे, वादळ अबेट होतं. पण त्या दिवसांत माझ्या टेबलावरच्या एका फाइलमध्ये अपील अबेट झालं होतं. पक्षकार वारला, त्याच्या वारसांना 90 दिवसांत रेकॉर्डवर आणलं गेलं नाही, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 प्रमाणे अपील आपोआप संपलं. ते काही ओसरलं नव्हतं, मेलंच होतं. यादीतला शब्द आणि फाइलमधला शब्द यांची गाठ घालून देणारं त्या वर्गात कुणी नव्हतं, असणारही नव्हतं. क्लास मी मध्येच सोडला.

त्याच सुमारास पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाचा हिशेब वाचनात आला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं असेल तर साधारण 8000 ते 9000 शब्दकुळं ओळखीची असावी लागतात, असं त्यांनी 2006 मध्ये मांडलं होतं. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. हा आकडा बघून हात गळायला हवे होते, पण मला सुटल्यासारखं वाटलं. एवढं पाठ होणारच नाही, तेव्हा दुसरी वाट शोधणं भागच होतं. ती स्टीफन क्रॅशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाच्या एका साध्या सूचनेत सापडली: चौफेर वाचण्याऐवजी एकाच विषयाचं, एकाच लेखकाचं सलग वाचा. विषय तोच असला की तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि निम्मा अर्थ विषयच सांगतो.

विषय निवडायची गरज पडली नाही. मुदत उलटून गेल्यावर दाद मागायची तर लागतो तो विलंब माफीचा अर्ज कोर्टात रोज कुणी ना कुणी टाकतो, आणि त्याला हमखास एक निवाडा जोडलेला असतो: कलेक्टर, भूसंपादन, अनंतनाग विरुद्ध कातीजी, 1987. मीही तो कितीदा तरी जोडला होता. पूर्ण वाचायला आता बसले. छोटासाच आहे. उशिराच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा द्यायला हवा, या नियमाबद्दल न्यायालय तिथं म्हणतं की तो पेडँटिक पद्धतीनं लावू नका. तसं असेल तर प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा हिशेब का मागत नाही? क्लासच्या यादीत 'पेडँटिक'पुढं 'पंडिती, पुस्तकी' असं होतं आणि ते डोक्यात टिकत नव्हतं. इथं तो शब्द माणूस होऊन समोर उभा राहिला, समासाची रुंदी मोजून कागद परत करणारा.

मग विलंबावरचेच निवाडे ओळीनं काढले. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये ई-एससीआर हा निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह सुरू केला, त्यावर सुरुवातीलाच सुमारे 34,000 निवाडे फुकट खुले झाले, त्यामुळे जाडजूड खंडांपुढं हात पसरावे लागले नाहीत. पहिले काही निवाडे रडतखडत गेले. त्यानंतर जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं. प्रत्येक नव्या निवाड्यात अनोळखी शब्द कमी-कमी होत गेले, कारण एक न्यायाधीश दुसऱ्याचा उतारा देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि तेच शब्द वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात. उशीर हेतुपुरस्सर केला तर तो डिलेटरी, दाद मागण्यात आळस केला तर लॅचेस, हलगर्जीपणा ढळढळीत असला तर निग्लिजन्सच्या आधी ग्रॉस. शब्दाचे सोबती कोण, हे इथं आपोआप कळतं. शब्दकोशात नुसता अर्थ मिळाला असता.

दुसरा विषय चेक बाउन्सचा घेतला, कारण पोटापाण्याचा तोच. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138, कलम 139, आणि 2010 चा रंगप्पा विरुद्ध श्री मोहन हा निवाडा. कायदा तिथं गृहीतच धरतो की चेक देण्याला कारण देणं होतं. ते गृहीतक आरोपीनं खोडून काढायचं. याला क्रियापद 'रिबट'. 'डिनाय' म्हणजे नुसतं नाही म्हणणं, 'रिफ्यूट' म्हणजे समोरच्याचं म्हणणं खोटं पाडणं. गृहीतकाशी मात्र 'रिबट'च जोडतात, तेही शंकेला जागाच न ठेवता नव्हे, तर शक्यतांचं पारडं आपल्याकडे झुकवून. त्या पारडं झुकण्याला 'प्रिपॉन्डरन्स' म्हणतात. 'डिनाय', 'रिफ्यूट' आणि 'रिबट' हे तीन शब्द यादीत एकाच रांगेत समानार्थी म्हणून बसलेले असतात. कोर्टात त्यांची अदलाबदल केली तर युक्तिवादच बदलतो.

कठीण शब्द कठीण दिसतात, म्हणून आपण थांबतो आणि ते बघतो. मला खरा त्रास दिला तो ओळखीचे वाटणाऱ्यांनी, आणि पुढचे कितीतरी महिने त्यांच्यावरच गेले. 'लीव्ह' म्हणजे सोडणे किंवा रजा, हे पाचवीपासून माहीत. निवाड्यात 'लीव्ह ग्रांटेड' म्हणजे परवानगी दिली. 'सेव्ह' म्हणजे वाचवणे. कायद्याच्या कलमाच्या तोंडाशी आला तर 'खेरीज'. 'प्रिफर' म्हणजे अधिक पसंत असणे. अपील प्रिफर केलं म्हणजे दाखल केलं, आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. 'सँक्शन' कधी मंजुरी, कधी शिक्षा, दोन्ही टोकं एकाच शब्दात. आणि 'पर्व्हर्स'! हा शब्द मी विकृत या एकाच अर्थानं ओळखत होते. अपिलात मात्र खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष पर्व्हर्स आहे असं बिनदिक्कत लिहितात, कारण तिथं त्याचा अर्थ पुराव्याला सोडून काढलेला, कुणीही शहाणा माणूस ज्यावर पोचणार नाही असा निष्कर्ष. दुसऱ्या अपिलाचे मुद्दे लिहिताना हा शब्द रोज लागतो.

असे शब्द डोळ्यांना दिसतच नाहीत, ही त्यांची खोड. त्यावर एक उपाय केला. वाक्य कळलं नाही पण त्यातला एकही शब्द अनोळखी नाही असं झालं, की त्यातल्या सगळ्यात सोप्या शब्दावर संशय घ्यायचा आणि तो शब्दकोशात बघायचा. बहुतेक वेळा चोर तिथंच सापडतो.

शब्दकोश कुठला, यावर वकील मंडळींत वाद आहेत. बहुतेकांकडे इंग्रजी-मराठी असतो, आणि फोनवरचं भाषांतर. मला जास्त उपयोग झाला तो शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाचा, हॉर्नबी यांच्या परंपरेतला. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांचा शब्दकोश आधी 1942 मध्ये तिथंच छापला गेला आणि ऑक्सफर्डनं तो 1948 मध्ये काढला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना नेमकं काय अडतं हे ओळखून केलेलं काम आहे ते: क्रियापदापुढं कुठलं अव्यय येतं, नाम मोजता येतं की नाही, शब्द बोलण्यातला की कागदावरचा. जोडीला भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश. तो मराठी मसुद्यासाठी म्हणून घेतला होता, पण उलटा वापरला तरी कामाला येतो. मराठी संज्ञा आधी कळली की इंग्रजी संज्ञेची भीती जाते.

आता मळलेल्या वाटेबद्दल, म्हणजे मूळ धातू शोधून शब्द शिकण्याबद्दल. क्लासमध्येही हे होतं, पण कोर्टात त्याला वेगळीच चव आली. 1066 नंतर इंग्लंडच्या न्यायालयांत फ्रेंच शिरली आणि लॅटिन होतीच. 1362 मध्ये इंग्रजीत बाजू मांडायचा कायदा झाला तरी दप्तरातून लॅटिन हटायला 1733 उजाडलं. आपल्याकडे तेच फारसीनं केलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी कोर्ट नाक्यावर आजही फिर्याद, वकील, जामीन, दरखास्त आणि तहकुबीच चालते. हे ध्यानात आल्यावर इंग्रजी दस्तांमधले जोडशब्द मला परके वाटेनासे झाले. 'गुड्स अँड चॅटल्स'मध्ये पहिला शब्द इंग्रजी, दुसरा फ्रेंच, वस्तू तीच. आपलं 'कागदपत्र' घ्या, नाहीतर 'धनदौलत', 'रीतिरिवाज': एक फारसी-अरबीकडून आलेला, एक संस्कृतातला. दोन भाषांचे लोक एका कचेरीत आले की शब्दांची अशी लग्नं लागतात.

'इम्प्युन्ड ऑर्डर', म्हणजे ज्याला आव्हान दिलं तो आदेश, हा तर वकिलाच्या तोंडातला रोजचा घास. त्याच्या पोटात लढणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. क्लासच्या यादीत शेवटपर्यंत पाठ न झालेला 'पगनेशस', म्हणजे भांडखोर, त्याच घरातला. तो आता विसरणं शक्य नाही. पण सावध. धातूवरून अर्थ ओळखायचा नाद लागला की माणूस भलतीकडे जातो. 'मॉर्गेज'च्या पोटात मृत्यू आहे; गहाणखताचा दस्त वाचताना त्याचा काडीचा उपयोग नाही. ओळख झालेला शब्द लक्षात ठेवायला धातू चांगला, अनोळखी शब्दाचा अर्थ लावायला बेभरवशाचा.

लक्षात ठेवण्याचं यंत्र माझं ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये चालतं. मी घणसोलीला राहते. रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे, एवढाच प्रवास. पुस्तक उघडावं असा नाही, आणि गर्दीत उघडताही येत नाही. फोन एका हातात मावतो. विसरण्याचा वेग एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडला. लाइटनर यांनी 1972 मध्ये त्यावर खोक्यांची युक्ती दिली, उत्तर आलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर पहिल्या खोक्यात. आता अँकीसारखं अॅप ते आपोआप करतं. कार्डावर शब्द आणि अर्थ लिहायचं मी लवकरच बंद केलं. पूर्ण वाक्य निवाड्यातलं, शब्दाच्या जागी कोरी जागा, खाली प्रकरणाचं नाव. उत्तर नाही आलं तरी प्रकरण आठवतं, आणि प्रकरणावरून शब्द सापडतो. दुसऱ्यानं तयार केलेल्या कार्डांचा गठ्ठा फुकट मिळतो, तो घेऊन पाहिला. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं, सगळं वाहून गेलं.

इथपर्यंत शब्द ओळखता यायला लागले. ते लिहिताना हाताशी येणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथं मला दोन न्यायाधीशांनी शिकवलं. एक कृष्णा अय्यर, 1973 ते 1980 सर्वोच्च न्यायालयात. त्यांची भाषा दागिन्यांनी मढलेली, शब्दांचे खेळ, अनुप्रास. जामिनावरचे त्यांचे निवाडे वाचताना शब्दकोश मांडीवरच लागतो. दुसरे व्हिव्हियन बोस, नागपूरचे. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1958 च्या निवाड्यात खुनाच्या व्याख्येतला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग त्यांनी चार पायऱ्यांत सोडवलाय: इजा आहे का, ती कसली आहे, नेमकी तीच करायचा इरादा होता का, आणि निसर्गक्रमानं मृत्यू यायला ती पुरेशी आहे का. शब्द जवळजवळ सगळे शाळेतले. मला अय्यर वाचायला आवडतात. लिहिताना मी बोस समोर ठेवते.

आमचे सर या बाबतीत निर्दय आहेत. माझ्या मसुद्यात एकदा 'एग्रीजियस' (घोर) आणि 'पाल्पेबल' (उघड दिसणारी) शेजारी-शेजारी आले, तेव्हा दोन्हींवर रेघ मारून म्हणाले, "अगं, चूक काय झालीय ते सांग ना. केवढी आहे ते साहेब ठरवतील." 2017 मध्ये एका भाडेकरूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला खालून आलेला निकाल समजेचना, म्हणून तो पुन्हा लिहायला परत पाठवला गेला होता. ती बातमी सर प्रत्येक नव्या ज्युनियरला सांगतात.

सोपं पण नेमकं कसं लिहायचं, याचा मला सापडलेला सर्वांत चांगला नमुना म्हणजे जुनी दंड संहिता. मेकॉलेच्या आयोगानं 1837 मध्ये मसुदा केला, 1860 मध्ये कायदा झाला आणि 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली तोवर चालला. त्यातली उदाहरणं वाचा. चोरीच्या कलमात ए खिशात कुत्र्याचं आमिष ठेवतो आणि झेडचा कुत्रा त्याच्या मागोमाग जातो. अप्रामाणिक हेतू असेल तर कुत्रा चालू लागताक्षणी चोरी झाली. तिथं 'इंड्यूस' हे क्रियापद आहे, कुत्र्याला मागे यायला लावणं. फसवणुकीच्या कलमात तेच क्रियापद माणसाला लावलंय. गुंतवणुकीच्या नावाखाली फसलेल्यांच्या तक्रारी लिहिताना मला दर वेळी तो कुत्रा आठवतो, आणि क्रियापद चुकत नाही.

सरावासाठी ई-एससीआरवरचे मराठी अनुवाद वापरते. मराठी उतारा घ्यायचा, मूळ न बघता इंग्रजीत न्यायचा, मग मूळाशी ताडून बघायचा. माझे शब्द आणि न्यायालयाचे शब्द यातलं अंतर कागदावर दिसतं. अनुवाद काही ठिकाणी खडबडीत आहेत, पण या कामाला ते बरेच; वाक्य मुळातच वाकडं असलं की ते सरळ कसं करायचं याचा विचार करावा लागतो. असा एक परिच्छेद करायला अख्खी संध्याकाळ जाते, म्हणून ते शनिवारीच.

तोंडी मात्र अजून अवघड जातं. कागदावर सहज येणारा शब्द उभं राहून बोलताना घशात अडकतो, आणि उच्चाराची धास्ती वेगळीच. घटनापीठांसमोरच्या सुनावण्या 27 सप्टेंबर 2022 पासून थेट दाखवायला लागले, त्या सुनावण्या मी रात्री जेवण झाल्यावर लावून बसते. मोठमोठे वकील तिथं बोलतात ते शब्द फारसे अवघड नसतात. 'मे आय जस्ट टेक युअर लॉर्डशिप्स टू', आणि पान नंबर. अशी वाक्यं वेगळ्या वहीत उतरवून घेतलीत आणि मोठ्यानं म्हणते. नवरा आधी हसायचा, आता पान नंबर तोच सांगतो.

सध्या टेबलावर सोसायट्यांची प्रकरणं आहेत. ठाण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात, आणि बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नसेल तर 1963 च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याच्या कलम 11 खाली मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे त्याच्याविनाही ती सोसायटीच्या नावावर करून घेणं. एवढा मोठा मराठी शब्द असूनही सोसायटीच्या मीटिंगमध्ये सत्तरीचे काका 'डीम्ड कन्व्हेयन्स'च म्हणतात, अगदी नेमक्या अर्थानं. विलंब आणि चेकच्या गठ्ठ्यांशेजारी त्याचा तिसरा गठ्ठा मी उघडलाय. पहिली कार्डं 'डीम्ड' (मानीव), 'कॉव्हेनंट' (दस्तातली बंधनकारक अट) आणि 'एन्कम्ब्रन्स' (मालमत्तेवरचा बोजा) यांची आहेत, आणि शेवटचं अजून रोज चुकतं.